फाट्यावरचा मुक्काम

यंदाचा अंक जुळवताना आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावरच्या माणसांना एकच प्रश्न विचारत गेलो. ज्याला घर नाही, त्याच्यासाठी गावानं, शहरानं काय करावं? हॉटेलवाल्यांना विचारलं, पंक्चरच्या दुकानात विचारलं. एसटीची वाट पाहणाऱ्या मास्तरांना, भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना आणि सोयाबीन काढून परतणाऱ्या मजूर बायांनाही विचारलं. एवढी उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं. या प्रश्नावर मत नसलेला माणूस भेटलाच नाही.

खायला आम्ही देतोच, पण दुकानाच्या ओट्यावर झोपायला नको, असं बरेच जण म्हणाले. रोज खायला दिलं की माणूस हलत नाही, म्हणून देऊच नये, असं काहींना वाटतं. पोलिसांनी रात्री उचलून न्यावं, हेही ऐकलं. ग्रामपंचायतीनं एखादी खोली बांधावी, असं सुचवणारे थोडे होते आणि त्यांत बाया जास्त होत्या. सगळ्यांत जास्त वेळा मात्र एकच वाक्य कानावर आलं: ज्याला त्याला त्याच्या गावाला पाठवून द्यावं. माणूस वाट चुकलेला, भ्रमिष्ट असेल, तर पुढच्या ट्रकमध्ये बसवून द्यावं, म्हणजे त्याचं तो कुठंतरी पोचेल.

हे वाक्य फाट्यावरच का जन्मतं, ते समजण्यासारखं आहे. नांदेड-अर्धापूरकडून येणारा रस्ता इथं दुभंगतो. एक फाटा कळमनुरी, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला जातो, दुसरा उमरखेड, महागाव, यवतमाळ करत नागपूरला. रात्रंदिवस गाड्या थांबतात, लोक उतरून गरम खिचडी खातात आणि निघून जातात. सगळे पुढं जायलाच येतात अशी या जागेची सवय आहे. मग जो जात नाही, तो डोळ्यांत खुपतो. दुकानदारांची तक्रारही खोटी नाही. सकाळी शटर उघडताना दारात घाण असते आणि ती त्यांनाच धुवावी लागते. पण रात्री अकरानंतर फाट्यावर बिनपैशाचा संडास कुठं आहे, हा प्रश्न त्या तक्रारीच्या आधी यायला हवा होता.

पाठवून देण्याचा उपाय या राज्यात मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे. जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, मुंबईतल्या फुटपाथवरची आणि झोपड्यांतली माणसं उठवून त्यांना त्यांच्या गावी धाडण्याचा निर्णय तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केला. बिऱ्हाडं मोडली, माणसं गाड्यांत भरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्यावर निकाल दिला. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो. वकिलांच्या पुस्तकांत तो आहे, पण तो फाट्यावर वाचला जायला हवा असं मला वाटतं. कारण त्यात संगमनेरहून आलेल्या एका माणसाची हकीकत आहे. गावात चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा. गावातलं घर पडलं. १९६९ मध्ये तो मुंबईत आला, बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्यानं तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लास्टिकला ७०० लागले. म्हणजे फुटपाथवर राहायलाही त्याला जवळजवळ तीन महिन्यांचा पगार घालावा लागला. आणि आपण म्हणतो, फुकटात राहतात!

माणसाला रस्त्यावरून उठवलं की त्याचं कामही जातं, आणि काम गेलं की जगणं जातं, हे त्या न्यायालयानं मान्य केलं. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्या निकालानं सांगितलं. तरी फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. नोटीस द्या, पावसाळ्यात हलवू नका, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबा, एवढंच. मला हा निकाल अपुरा वाटतो. पण ‘गावाला पाठवा’ म्हणणाऱ्यांना जो प्रश्न विचारायचा असतो, तो त्यात आहे: गावात राहण्यासारखं काही उरलं असतं, तर हा माणूस आला असता का?

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हिंगोली जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई-पुण्याकडे जे लोंढे गेले, त्यांत आपलेच चुलते-मामे होते. आजही दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तांड्यांवरची आणि वाड्यांवरची जोडपी कारखान्याच्या फडात कोपी घालून पाच-सहा महिने राहतात. कोपी म्हणजे पाचटाचं आणि ताडपत्रीचं छप्पर. सरकारी भाषेत यांना कुणी बेघर म्हणत नाही, कारण गावी त्यांचं घर आहे, त्याला कुलूप आहे. पण वर्षातल्या निम्म्या रात्री माणूस जिथं झोपतो, तिथं दार नाही, न्हाणी नाही आणि बाईला अंधार पडायची वाट पाहावी लागते. ही बेघरी मोजली जात नाही.

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं. कर्करोग झाला की आपल्या भागातलं माणूस शेवटी परळच्या टाटा रुग्णालयात पोचतं. तिथं उपचाराची तारीख मिळते, पण तारखेपर्यंत राहायचं कुठं? गाडगे महाराजांच्या नावानं दादरला धर्मशाळा आहे आणि तिच्यात किती खेड्यांतले रुग्ण राहून बरे होऊन आले असतील, याची गणती नाही. पण तिथं ज्यांना जागा मिळत नाही, ते रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर चटई अंथरतात. त्यांच्या उशाशी औषधांची पिशवी असते, सलाईन लावून आलेलं लेकरू असतं. सातबारा असलेली, विहीर असलेली माणसं. मुंबईच्या माणसानं त्यांच्याकडे बघून ‘यांना गावाला पाठवा’ म्हटलं, तर आपल्याला कसं वाटेल? परळच्या फुटपाथवर आपल्या माणसासाठी आपण जे मागू, ते वारंगा फाट्यावर दुसऱ्याच्या माणसाला द्यायला हवं. या अंकाची भूमिका एवढीच आहे आणि ती आम्ही मनापासून मांडतो आहोत.

आता कायदा आणि योजना काय म्हणतात ते पाहू, कारण खरी पंचाईत तिथं आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा असावा, बारमाही आणि चोवीस तास उघडा. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा वेगळा भाग होता. हे सगळं शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री गणक कंदील-बॅटऱ्या घेऊन पुलांखाली, स्टेशनांवर, देवळांच्या पायऱ्यांवर गेले. देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक बेघर माणसं नोंदली गेली. महाराष्ट्रात दोन लाखांवर. देशातल्या या माणसांपैकी ८ लाख ३४ हजार ग्रामीण भागात होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्यांच्यासाठी निवारा नाही. त्यांच्यासाठी घरकुल आहे: प्रधानमंत्री आवास योजना, रमाई आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. चांगल्या योजना आहेत आणि त्यांतून आपल्या गावागावांत पक्की घरं उभी राहिली आहेत. पण घरकुलाला यादीत नाव लागतं, रहिवासी पुरावा लागतो, जागा लागते. जागा नसणाऱ्याला ती विकत घ्यायला मदत देणारीही योजना आहे, पण तिच्यासाठीही माणूस कुठल्यातरी गावचा असावा लागतो. फाट्यावरच्या ओट्यावर झोपलेला माणूस या गावचा नाही आणि फाटा शहर नाही. महानगरपालिका म्हणेल आमच्या हद्दीत नाही, ग्रामपंचायत म्हणेल आमच्या नमुना आठला नाही. महामार्गांवर असे शेकडो फाटे आहेत आणि दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत ते पडले आहेत.

या फटीत सगळ्यांत खोल पडतो तो मनानं हरवलेला माणूस. फाट्यावर त्याला ‘येडा’ म्हणतात, बाई असली तर ‘येडी’. केसांच्या जटा, अंगावर चार-चार सदरे, हातात गाठोडं. त्याला ट्रकमध्ये बसवून देणारा माणूस दुष्ट नसतो, त्याला खरोखर वाटतं की आपण मदत केली. पण त्यानं त्या माणसाला त्याच्या घरापासून आणखी चारशे किलोमीटर लांब टाकलेलं असतं. बाई असेल तर काय होऊ शकतं, हे लिहिण्याची गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० नुसार अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध घेणं हे पोलीस ठाण्याचं काम आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. हे कलम फाट्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

घरी पोचवण्याचं काम कसं करायचं, हे दाखवणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेनं कर्जतच्या केंद्रात रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांवर उपचार केले. आधी औषध, आंघोळ, जेवण. मग हळूहळू त्याला आपलं नाव आठवतं, गावाचं नाव आठवतं, आणि मग संस्थेचा कार्यकर्ता सोबत जाऊन त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या दारात सोडून येतो. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याच रस्त्यानं पुढं गेलं की यवतमाळला नंददीप फाउंडेशनचं केंद्र आहे. बुलडाणा जिल्ह्यात पळसखेड सपकाळला सेवासंकल्पचं घर आहे. नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली संस्था रस्त्यावर सापडलेल्या आजारी बायांना आणि त्यांच्या लेकरांना सांभाळते. अशा संस्थांच्या खाटा मोजक्या असतात आणि फोन अखंड वाजतो. तरी ट्रक थांबवण्याआधी एक फोन करता येतो.

निवारा बांधला तर आणखी लोक येतील, अशी शंका ज्यांनी काढली, त्यांच्याशी मी बराच वेळ बोललो. लोक फाट्यावर येतात ते रस्त्यामुळे. एका खाटेसाठी कुणी घर सोडत नाही. निवारा सगळ्यांना पुरणारा उपाय नाही, हे मात्र मान्य करायला हवं. मोठ्या शहरांत पुष्कळ जण निवाऱ्यात जातच नाहीत. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे झोपायचं, भंगाराचं पोतं बाहेर ठेवायचं, पहाटे कामाला निघायचं तर फाटक बंद, हे कुणाला जमेल? पालं ठोकून राहणाऱ्या कुटुंबाला खाट नको असते, पाणी आणि चार महिने न उठवण्याची हमी हवी असते.

सरकारला हे झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांना किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागेवर वसवली गेली. चुका झाल्या, घरांच्या रचनेवर लोक आजही बोलतात, पण गावंच्या गावं उभी राहिली. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला आपल्या कळमनुरी तालुक्यात जमीन हलली, तेव्हा आपणही उंबऱ्याबाहेर पळालो होतो आणि घरात परत शिरायला मन धजत नव्हतं. छप्पर असूनही त्याखाली जाता येत नाही, ही अवस्था आपण थोडी तरी चाखली आहे.

फाट्यासाठी आमची मागणी लहान आहे. दोन खोल्या, त्यांतली एक बायांसाठी आणि आतून कडी लागणारी. पाणी आणि संडास, ज्यासाठी वित्त आयोगाच्या निधीचा काही भाग राखीवच असतो. सामान ठेवायला कुलपाच्या पेट्या. रात्री जागणारा एक माणूस, त्याच्याकडे येणाऱ्याचं नाव-गाव लिहायची वही आणि भिंतीवर पोलीस ठाण्याचे, यवतमाळचे, पळसखेडचे फोन नंबर. जागा ओट्यांच्या मागं, अंधारात नको, रस्त्याच्या उजेडात हवी. औंढ्याला नंदी देवळाच्या मागं आहे. नामदेवांना कीर्तन करायला मागं घालवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा नरसी-औंढ्याच्या या जिल्ह्यात लेकरांनाही पाठ आहे. मागं घालवलेल्या माणसाकडे तोंड करायला आपल्याला वेगळं शिकवावं लागू नये.

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची. हा ठराव तिथं मांडायचा आमचा विचार आहे आणि अंकाच्या मधल्या पानावर त्याचा मसुदा छापला आहे. अडचण अशी की २६ जानेवारीला तांड्यावरची निम्मी माणसं उसाच्या फडात असतील. उघड्यावर झोपणं म्हणजे काय, हे ज्यांना सगळ्यांत जास्त कळतं, त्यांचाच हात त्या सभेत वर होणार नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्या गावातून टोळी निघायच्या आत मसुद्याचं पान घेऊन त्यांच्याकडे जा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा. खोलीत काय हवं, काय नको, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, विशेषतः बायांना विचारा, आणि तो कागद भाऊबीजेपर्यंत आमच्याकडे पोचवा.