छोट्या गाडीची पूर्ण गोष्ट

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'माझी आवडती गाडी' हा निबंध दिला की मुलं काय लिहितात ते तुम्हाला ठाऊकच आहे. मोठी, महागडी, सुसाट गाडी! मला वाटतं, एकदा तरी मुलांना मेसरश्मिट केआर २०० दाखवावी. चित्रात दाखवली तरी चालेल.

ही तीनचाकी १९५५ ते १९६४ या काळात जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग शहरात तयार होत होती. पुढे दोन चाकं, मागे एक. म्हणजे आपल्या रिक्षाच्या बरोबर उलट. माणसं एकामागे एक बसतात आणि डोक्यावर पारदर्शक घुमट असतो. १९१ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणं आलंच. जुनी स्कूटर चालवलेल्या पालकांना हे सांगायला नको. खरी गंमत रिव्हर्सची. वेगळा रिव्हर्स गिअरच नाही! इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करायचं. त्यामुळे मागे जायलाही चार गिअर.

आज ज्यांच्याकडे ही गाडी आहे, ते तिला जिवापाड जपतात. जपायलाच हवी. पण प्रदर्शनात लोक विचारतात, "हा घुमट लढाऊ विमानाचा ना?" आणि काही मालक हसून मान डोलावतात. ते मला पटत नाही. उरलेल्या विमानांच्या भागांतून ही गाडी बनली, ही दंतकथा आहे. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. फ्रिट्झ फेन्ड या अभियंत्याने आधी युद्धात अपंग झालेल्यांसाठी छोटी वाहनं बनवली होती. ही गाडी त्याच कल्पनेतून वाढली. मेसरश्मिटला युद्धानंतर विमानं बनवायला बंदी होती, म्हणून कारखान्याला काम हवं होतं. आणि याच कंपनीने युद्धकाळात छळछावण्यांतल्या कैद्यांकडून विमानं बनवून घेतली होती.

हे शेवटचं वाक्य मुलांना सांगायचं का? लहानांना नाही, पण नववी-दहावीच्या वर्गात मी नक्की सांगेन. दुसरं महायुद्ध त्यांना इतिहासात असतंच. गाडी आवडली म्हणून तिच्या नावामागचं झाकून ठेवायचं, हे मला तरी जमत नाही.

पुढच्या वेळी निबंधाचा विषय असा देऊन पाहा: 'मी केआर २००चा मालक असतो, तर पाहायला आलेल्यांना काय सांगितलं असतं?' मुलांनी काय लिहिलं ते मलाही कळवा.