बंद करायला मतदान, उघडायला नुसता निर्णय

दारूवर आज बंदी असती, तर सरकारने ती उठवली असती का? प्रश्न कल्पनेतला वाटतो, पण महाराष्ट्रात त्याचे उत्तर मिळालेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. करोनाची दुसरी लाट तेव्हा अजून पुरती ओसरलेली नव्हती, गावोगाव माणसे प्राणवायूच्या आणि खाटांच्या धावपळीतून नुकती कुठे बाहेर येत होती. त्या दिवसांतही सरकारला हा निर्णय घेण्याची निकड वाटली. जुलैत दुकाने उघडली आणि जुनेच परवाने पुन्हा चालू झाले.

चंद्रपूर एकटे नाही. आंध्र प्रदेशातली १९९५ची संपूर्ण बंदी दोन वर्षांत गुंडाळली गेली. हरियाणाने १९९६ मध्ये आणलेली बंदी १९९८ मध्ये उठवली. मणिपूरने तीन दशकांची बंदी २०२३ अखेरीस सैल केली. गुजरात आणि बिहारमध्ये ती टिकून आहे, मिझोरामने उठवलेली बंदी २०१९ मध्ये परत आणली, हे खरे. पण एकूण कल स्पष्ट आहे. बंदी आली की ती उठवण्याची तयारीही लगेच सुरू होते.

ही तयारी दारूचे गुणदोष तपासून होत नाही, हे आधी नीट पाहायला हवे. गुणदोषांवरच ठरायचे असते तर उत्तर वेगळे आले असते. याच देशाने २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी घातली. ती वस्तू बाजारात अजून रुजलीही नव्हती, पण धोका दिसला आणि तिला दारातच अडवले गेले. ते योग्यच झाले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला, तो कर्करोगाकडे बोट दाखवून. दारू कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पुन्हा बजावले. यकृत, अपघात, घरातली मारहाण हे सगळे वेगळेच. असे पेय कोणी आज नव्याने शोधून परवानगी मागायला आणले असते, तर तो अर्ज पहिल्या टेबलावरच नामंजूर झाला असता, याबद्दल मला शंका नाही.

बंदीतून बाहेर पडताना मात्र दारूला हा अर्ज करावाच लागत नाही. तिच्या बाजूने बोलणारे आधीच हजर असतात: परवानाधारक, हॉटेलचालक, आणि सगळ्यांत वजनदार म्हणजे सरकारी तिजोरी. महाराष्ट्रात दारू आजही १९४९च्या दारूबंदी कायद्याखालीच विकली जाते. विकणाऱ्याला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. या कायद्याची अंमलबजावणी करायची राज्य उत्पादन शुल्क विभागाने आणि दारूवरचा महसूल गोळा करायचा तोही याच विभागाने. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने दारूवरचे शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला चौदा हजार कोटी रुपये जादा मिळतील असे सांगितले गेले. ज्या घराचा खर्च दारूच्या पैशावर भागतो, त्या घराने दारूविषयी निःपक्षपाती निवाडा करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

बंदी उठवण्याच्या बाजूची कारणे खोटी आहेत, असे मी म्हणणार नाही. चंद्रपुरात बंदीच्या सहा वर्षांत चोरटी दारू आली, शेजारच्या जिल्ह्यांतून आली, बनावटही आली. तिची ने-आण करायला बायका आणि अल्पवयीन मुले वापरली गेली. हप्ते सुरू झाले. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हे मांडले आणि त्याचाच आधार मंत्रिमंडळाने घेतला. बिहारमध्ये तर बंदीच्या कायद्याने गरीब, मागास वस्त्यांमधली माणसे इतक्या मोठ्या संख्येने कोर्टकचेरीत अडकली की, २०२२ मध्ये सरकारला कायदा सौम्य करून पहिल्यांदा सापडणाऱ्याला दंडावर सोडण्याची सोय करावी लागली. बंदीचा भार कोणावर पडतो, हे दारूबंदीच्या समर्थकांनीही डोळे उघडे ठेवून पाहायला हवे.

एक कारण मात्र तपासाला उतरत नाही. बंदी असली की विषारी दारू येते आणि माणसे मरतात, हे वाक्य दर वेळी ऐकू येते. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात २०२२ मध्ये माणसे मेली, ती बंदी असताना. पण विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूने माणसे गेली, तेव्हा मुंबईत जागोजागी देशी दारूची सरकारमान्य दुकाने उघडी होती. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. तमिळनाडूत कल्लकुरिची इथे २०२४ मध्ये पासष्टच्या आसपास माणसे दगावली आणि त्या राज्यात तर सरकार स्वतः दारू विकते. हातभट्टीकडे माणूस वळतो तो ती स्वस्त मिळते आणि हाताशी असते म्हणून. वाइन शॉपची पाटी लागल्याने मिथेनॉलचा धंदा बंद होत नाही.

आता ज्यांनी बंदी मागितली त्यांच्याकडे येऊ. चंद्रपूरची बंदी मुंबईत कोणाच्या मनात आली म्हणून झाली नव्हती. श्रमिक एल्गार संघटनेने आणि पारोमिता गोस्वामी यांनी वर्षानुवर्षे ती मागणी लावून धरली. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. २०१०च्या डिसेंबरात चिमूरहून हजारो बायका नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. डिसेंबरातली विदर्भाची थंडी, धान निघायचे दिवस, रोजी बुडवून केलेली ही पायपीट. त्यानंतरही समिती, अहवाल आणि निवडणूक असे टप्पे पार करून बंदी यायला चार वर्षे लागली.

ती उठताना या बायकांना कोणी काय विचारले? निवेदने मागवली होती. ढिगाने आली आणि त्यांतली बहुसंख्य बंदी उठवा म्हणणारी होती, हे बंदी उठवणारे आवर्जून सांगतात. पण निवेदन म्हणजे मतदान नव्हे. त्याला मतदारयादी नसते, गुप्तता नसते, एका माणसाला एकच मत असे बंधन नसते. छापील नमुना वाटून सह्या गोळा करणे कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हे गावात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

याच्या शेजारी आपल्याच राज्यातली दुसरी पद्धत ठेवून पाहा. गावातले परवाना असलेले दुकान बंद करायचे असेल, तर गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी आधी लेखी मागणी करायची. सरकारी माणूस येऊन सह्या तपासणार. कोणती सही जुळत नाही, कोणाच्या नावात फरक आहे, ते बघणार. मग मतदानाची तारीख. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद करा असे मत. पण मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्यांनी तसे म्हणून भागत नाही. यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी लग्न होऊन सासरी गेली, जी ऊसतोडीला गेली, जिचे नाव मेल्यावरही यादीतून निघाले नाही, त्या सगळ्या हिशेबात दुकानाच्या बाजूच्या ठरतात. आदल्या रात्री गावात काय काय वाटले जाते, तेही सर्वांना ठाऊक आहे. एवढे सगळे ओलांडून सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यासारख्या ठिकाणी बायकांनी बाटली आडवी करून दाखवली.

एक दुकान बंद करायला एवढी कडक कसोटी. अख्ख्या जिल्ह्याची बंदी उठवायला मंत्रिमंडळाची एक बैठक. माझा आक्षेप या तफावतीला आहे आणि तो दारूबंदी चांगली की वाईट या वादाच्या आधीचा आहे. अमेरिकेत तेरा वर्षांची बंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हाही मंदीत रिकाम्या झालेल्या तिजोरीचा दबाव होताच. तरी त्या देशाने तो निर्णय आमदारांवर न सोडता बहुतेक राज्यांत त्याच एका प्रश्नासाठी प्रतिनिधी निवडून परिषदा भरवल्या. अमेरिकी राज्यघटनेतली एवढी एकच दुरुस्ती त्या मार्गाने मंजूर झाली आहे. बंदी उठल्यावरही ज्या राज्यांना ती ठेवायची होती त्यांनी ठेवली. मिसिसिपीत ती १९६६ पर्यंत होती. बंदी चुकली असे ठरवणाऱ्या देशालाही हे लोकांना विचारून ठरवावे असे वाटले.

वर्धा जिल्ह्यात बंदी आहे, ती गांधी आणि विनोबांच्या वास्तव्यामुळे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, तीही तिथल्या लोकांच्या चळवळीतून आलेली. चंद्रपूरचा निर्णय झाला तेव्हा गडचिरोलीच्या बंदीचाही फेरविचार होणार अशी चर्चा सुरू झाली होती आणि तिथल्या शेकडो गावांनी बंदी राहू द्या असे सरकारला कळवले. तो विषय तेवढ्यापुरता मागे पडला. पुन्हा निघेल, कारण तिजोरीची गरज दर अर्थसंकल्पाला वाढतेच आहे. म्हणून आताच कायद्यात एवढी तरतूद व्हावी: ज्या जिल्ह्यात बंदी आहे, तिथे ती उठवायची असेल तर गावोगाव गुप्त मतदान घ्या, मतपत्रिकेवर त्याच दोन बाटल्या छापा आणि उभ्या बाटलीला यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांची मते पडली तरच दुकान उघडा. चंद्रपुरातही हे मतदान घ्यायला अजून उशीर झालेला नाही.