चंद्रभागेचे सोवळे

आषाढ शुद्ध एकादशी आली. वारकरी वाळवंटात उतरतो, ओंजळभर पाणी डोळ्यांस लावतो आणि तीर्थ म्हणून प्राशनही करतो. कीर्तनास उभे राहण्यापूर्वी आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. त्या ओंजळीत काय असते, हा आजचा विषय आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात जलामध्ये मलमूत्र, थुंकी वा अन्य अमंगल वस्तू टाकण्याचा निषेध आहे. तैत्तिरीय आरण्यकातही तोच नियम व्रत म्हणून येतो. आपण तो स्वतःपुरता कटाक्षाने पाळतो. मात्र न्हाणीघरातले पाणी गटारातून कोठे गेले, हे विचारीत नाही. 2011 च्या जनगणनेत पंढरपूरची वस्ती एक लाखाच्या आसपास होती. नगरांसाठी दरडोई 135 लिटर पाण्याचे प्रमाण धरतात आणि त्यातला चार पंचमांश भाग सांडपाणी होतो. हिशेब रोजचा एक कोटी लिटरांवर जातो. हे सारे मातेच्या पदरात!

ते पदरात पडण्याआधी अडवावे, म्हणून नगरपालिकेला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र चालवावे लागते. (पूर्वरंगात विज्ञान आले म्हणून श्रोत्यांनी उठून जाऊ नये.) अशा केंद्रात प्रथम जाळीवर चिंध्या, प्लॅस्टिक अडते, मग वाळू बसते. पुढच्या टाकीत हवा खेळवतात आणि तिच्या बळावर असंख्य जिवाणू घाण खाऊन वाढतात. नंतर ते गाळरूपाने तळाशी बसतात. त्यातला काही गाळ पुन्हा पहिल्या टाकीत सोडतात, गृहिणी कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधास लावते तसा. ही युक्ती 1914 मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध झाली. वीज गेली की हवा थांबते, आणि हवेवाचून ते जीव तगत नाहीत. घाटावरील रोषणाईसाठी वर्गणी जमते. या टाकीच्या वीजबिलाची आठवण कोणास होत नाही.

नदीतले मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. कच्ची घाण पाण्यात कुजली की तोच प्राणवायू खाऊन टाकते. तिची ही भूक मोजता येते. कच्च्या सांडपाण्यात ती लिटरमागे 200 ते 300 मिलिग्रॅम असते; 2017 च्या केंद्रीय नियमाने महानगरांखेरीज इतर गावांच्या केंद्रांतून ती 30 च्या आत आली पाहिजे; स्नानयोग्य नदीत मात्र 3 हून अधिक नको. म्हणजे केंद्रातून निघालेले पाणी तीर्थ नव्हे. त्यात मिसळायला नदीचा स्वतःचा प्रवाह हवा, आणि पात्र कोरडे असेल तर ते पाणी शेतास द्यावे, हे आमचे मत.

यात्रेत लाखोंची भर पडते. जिवाणूंची पंगत एका रात्रीत दसपट वाढविता येत नाही. म्हणून फिरत्या शौचालयांतील मैला सांभाळून, थोडा थोडा केंद्रात घ्यावा लागतो. तो घाईने नाल्यात ओतलेला आम्ही एका वर्षी डोळ्यांनी पाहिला आणि त्या रात्रीच्या कीर्तनात आमचा आवाज लागेना.

कोणी म्हणेल, पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची घाण मुळा-मुठा, इंद्रायणीतून भीमेत येऊन उजनीत साठते, तेथे आमच्या चिमुकल्या केंद्राने काय होणार? आक्षेप खरा आहे. त्या शहरांनी आपले ऋण फेडावे, असे आम्ही त्यांच्याही व्यासपीठावर सांगतो. पण जंतू पोटात जातात ते बहुधा जवळच्या नाल्याचे, स्नानाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावरचे. तेवढा नाला तरी आपल्या हातचा आहे.

ज्या घरांची जोडणी अजून गटारवाहिनीस नाही, त्यांनी या चातुर्मासात ती करून घ्यावी. तळणीचे तेल मोरीत ओतू नये. आणि एकादशीचे स्नान करावे, पण ओंजळ तूर्त डोळ्यांस लावूनच सोडावी. आम्हीही यंदा तसेच करणार आहोत.