माती तपासता, तसे गड्याचे रक्तही तपासा



माती तपासून आपण खताची मात्रा ठरवतो. मग हुमणीसाठी क्लोरपायरीफॉस उघड्या हाताने कालवणाऱ्या गड्याचं रक्त तपासलं तर काय बिघडलं? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, हे आपण विसरू नये.

असे औषध अंगात भिनले की रक्तातील कोलिनेस्टरेज घटते. बोटातल्या थेंबभर रक्तावर ते काही मिनिटांत मोजणारे, पिशवीत मावणारे यंत्र मिळते. मात्र हे प्रमाण माणसागणिक वेगळे असते. म्हणून फवारणीआधीचा आकडा वहीत हवाच. कारखान्याने असे एक यंत्र घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गड्याला दरदरून घाम सुटला, तोंडाला लाळ आली, तर तपासणीसाठी थांबू नका. थेट दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली सोबत न्या.