भूमिगत नाणीं आणि वाजणारें यंत्र

गुप्तधनाचें वेड आपल्या लोकांस नवें नाहीं. पडक्या वाड्याच्या भिंतींत मोहरांचा हंडा आहे, त्यावर नाग बसला आहे, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातल्यास त्यास तो हंडा भूमींतून दिसतो, अशा गोष्टी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आजीच्या तोंडून ऐकिल्या असतील. आतां त्या पायाळूची जागा एका यंत्रानें घेतली आहे. दांड्याच्या टोकास एक तबकडी असते. ती जमिनीवरून हळूहळू फिरवीत जावें, आणि खालीं धातु असला म्हणजे यंत्र वाजूं लागतें. "असें यंत्र घेतलें तर आपल्या शेतांत कांहीं सांपडेल काय?" असा प्रश्न विद्यार्थीच काय, त्यांचे वडीलही विचारतात. आमचें उत्तर असें कीं, सांपडेलही. परंतु वस्तु जितकी अधिक खोल, तितका ती स्वतःच्या हातानें उपसून काढण्याचा आपला अधिकार कमी. हें मत प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल, म्हणून त्याचीं कारणें येथें थोडीं विस्तारानें देतों.

यंत्रांत जादू कांहींच नाहीं. तबकडींत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे प्रवाह सुरू होतात, आणि त्या प्रवाहांची चाहूल यंत्रास लागते. फॅराडे यानें १८३१ सालीं जें विद्युत्प्रवर्तन दाखवून दिलें, तेंच हें. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस १८८१ सालीं गोळी लागली, तेव्हां टेलिफोनकर्ता बेल यानें याच तत्त्वावर केलेलें उपकरण त्यांच्या शरीरावरून फिरविलें होतें. गोळी कांहीं सांपडली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कोसात्स्की नामक पोलिश अधिकाऱ्यानें सुरुंग शोधण्यासाठीं हातानें वागविण्याजोगें यंत्र सिद्ध केलें, व १९४२ सालीं एल् अलामीनच्या रणांगणावर तें उपयोगीं पडलें.

या यंत्राची मर्यादा मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्यानें दुर्बळ होत जातें. एकटें नाणें असेल तर सामान्य यंत्रास तें वीतभर, फार तर त्याहून थोडें अधिक खोलीवर कळतें. मोठा हंडा असल्यास त्याहून खालीं. खालीं जें आहे तें सोनें, कीं बाटलीचें झांकण, कीं बैलाच्या पायांतील नाल, हें यंत्र निश्चयानें सांगूं शकत नाहीं. तेव्हां पन्नास हात खोलीवरील सुवर्ण दाखवून देणारें यंत्र कोणी विकावयास आणील, तर पालकांनीं आपली थैली घट्ट आवळून धरावी. जुना पायाळू निदान स्वस्त तरी होता!

आतां खोलीचा प्रश्न. नांगराचा फाळ जेथवर पोंचतो तेथवरची माती वर्षानुवर्षें उलटीपालटी झालेली असते. त्या मातींतील नाणें आपल्या मूळ जागेवरून केव्हांच हललेलें असतें. तें उचलल्यानें फारसें बिघडत नाहीं, उलट तें खतांच्या क्षारांनीं झिजून जाण्यापूर्वीं उचललें तर बरेंच. इंग्लंडांत हौशी शोधकांनीं अशा वस्तु दाखविल्यावर त्यांची नोंद करून ठेवण्याची योजना १९९७ सालीं सुरू झाली, आणि तिच्या बाडांत दहा लाखांहून अधिक वस्तु नमूद झाल्या आहेत. हें यंत्राचें श्रेय आहे, आणि तें आम्ही मोकळेपणानें देतों. परंतु फाळाच्या खालची माती निराळी. तेथें शेंकडों वर्षांपूर्वीं ज्या हातानें नाणें ठेविलें, त्या हातानें ठेविलें तसेंच तें पडलेलें असतें. त्याच्या शेजारीं काय आहे, वर काय आहे, मडकें आधीं पुरलें कीं आधीं भरलें, हें सर्व मातींत लिहिलेलें असतें. आणि तें लिखाण एकदांच वाचतां येतें, कारण वाचतांना तें पुसावेंच लागतें.

इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत फ्रोम गांवाजवळ १९१० नव्हे, अगदीं अलीकडे २०१० सालीं डेव्ह क्रिस्प नांवाचा हौशी शोधक एका शेतांत फिरत असतां यंत्र वाजलें. त्यानें सुमारें फूटभर खणलें, कांहीं नाणीं हातीं आलीं, आणि एका मडक्याचा काठ दिसला. येथें तो थांबला. खड्डा पुन्हां बुजवून त्यानें जाणत्या अधिकाऱ्यांस कळविलें. पुढें उत्खननकारांनीं तीन दिवस खपून तें मडकें थरांथरांनीं रिकामें केलें. आंत ५२,५०३ रोमन नाणीं निघालीं. त्यांचें वजन सुमारें १६० किलोग्रॅम भरलें. थर वेगळे ठेवल्यामुळें एक नवल उघडकीस आलें. सर्वांत अलीकडचीं नाणीं कॅरॉसियस राजाचीं. सांठा वर्षानुवर्षें वाढत गेला असता तर तीं वरच्या थरांत असावयास हवीं होतीं. परंतु तीं मोठ्या संख्येनें बऱ्याच खालीं सांपडलीं. अर्थात् सर्व नाणीं एकाच प्रसंगीं ओतलेलीं होतीं. शिवाय इतकें ओझें पोटांत घेऊन तें पातळ मडकें उचलतांच फुटलें असतें. म्हणजे रिकामें मडकें आधीं भूमींत बसवून मग तें भरलें असलें पाहिजे. यावरून ब्रिटिश म्यूझियमचे नाणकतज्ज्ञ रॉजर ब्लँड यांनीं असें मत मांडलें कीं, ही कोणा भित्र्या धनिकाची ठेव नसून लोकांनीं मिळून देवतेस वाहिलेलें द्रव्य असावें. तें मत सर्वांस मान्य होवो वा न होवो, प्रश्न विचारतां आला तो क्रिस्पनें कुदळ खालीं ठेविली म्हणून. पोत्यांत भरून घरीं नेलेल्या बावन्न हजार नाण्यांनीं हें कांहींच सांगितलें नसतें.

याच्या उलट उदाहरणही त्याच देशांतलें आहे. २०१५ सालीं ऑक्सफर्ड परगण्यांत वॉटलिंग्टनजवळ एका शोधकास नवव्या शतकांतील रुप्याच्या नाण्यांचा सांठा लागला. त्यानें तज्ज्ञांस बोलाविलें. मातीचा गड्डाच्या गड्डा अखंड उचलून प्रयोगशाळेंत नेला व तेथें तो सावकाश उकलला. सुमारें दोनशें नाणीं, कांहीं दागिने व रुप्याच्या कांबी निघाल्या. त्याच वर्षीं लेमिन्स्टर गांवाजवळ दुसऱ्या दोघांस त्याच काळचा सांठा सांपडला. तो जवळजवळ तीनशें नाण्यांचा असावा असा अंदाज आहे. त्यांनीं तो कोणास न सांगतां खणला आणि चोरून विकावयास काढला. २०१९ सालीं त्यांस दीर्घ कारावासाच्या शिक्षा झाल्या, पण खटल्याच्या वेळेपर्यंत सरकारच्या हातीं आलीं तीं अवघीं एकतीस नाणीं. या दोन्ही सांठ्यांत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड व मर्सियाचा राजा केओलवुल्फ या दोघांनीं एकाच छापाचीं पाडलेलीं नाणीं होतीं. आल्फ्रेडच्या पक्षाच्या बखरींत केओलवुल्फास मूर्ख म्हणून हिणविलें आहे. नाणीं मात्र सांगतात कीं, दोघे बरोबरीच्या नात्यानें वागत होते. ज्यास बखरकारांनीं मूर्ख ठरविलें, त्या राजाच्या बाजूचा पुरावा दोनदां भूमींतून वर आला, आणि एकदां चोरांनीं त्याची वांटणी केली. पैशाची चोरी भरून निघते. ही कशी भरून निघावी?

हें सर्व परदेशचें झालें असें कोणी म्हणूं नये. नाशिक जिल्ह्यांत गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी म्हणून गांव आहे. तेथें १९०६ सालीं, कोणत्याही यंत्राच्या साह्यावांचून, क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं निघालीं. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं बारकाईनें तपासून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला आढळला. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला असें त्याच्या मातेच्या नाशिक येथील शिलालेखांत म्हटलें होतें. परंतु आईनें केलेली मुलाची स्तुति ती, तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा? या नाण्यांनीं तिची साक्ष भरली. आणि ती साक्ष एकेका नाण्यानें दिलेली नाहीं. पुन्हां छापलेलें एखादें नाणें म्हणजे एक कौतुकाची वस्तु. तेरा हजारांत नऊ हजार हें जें प्रमाण, त्यावरून कळतें कीं, जिंकणाऱ्या राजानें शत्रूचें चलन घाऊक आपलेंसें करून घेतलें. सांठा घरोघर वांटला गेला असता, किंवा सोनाराच्या मुशींत वितळला असता, तर महाराष्ट्राच्या इतिहासाचें हें पान कोरेंच राहिलें असतें.

येथें कायद्याविषयीं आमची एक तक्रार आहे. आपल्याकडे १८७८ चा निखात-निधीचा कायदा आहे. त्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचें भूमिगत धन ज्यास सांपडेल त्यानें कलेक्टरास लेखी कळविलें पाहिजे. न कळविल्यास हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. मूळ धनी कोणी ठरला नाहीं, व दुसरा करार नसला, तर तीन चतुर्थांश सांपडविणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास, अशी वांटणी त्यांत सांगितली आहे. येथवर ठीक. परंतु सरकारनें तो निधि स्वतः घ्यावयाचा ठरविल्यास मोबदला कोणता? तर धातूची किंमत, आणि वर तिचा एक पंचमांश. नहपानाचें नाणें दोन ग्रॅमच्या आसपास भरतें. तेवढ्या रुप्याचें मोल तें किती! इंग्लंडांत १९९६ च्या कायद्यानें नाण्याची बाजारांतील खरी किंमत ठरवून ती सामान्यतः शोधक व जमीनमालक यांस निम्मीनिम्मी देतात. १९९२ सालीं हॉक्सन येथें शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधावयास गेलेल्या एरिक लॉज यास जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणीं लागलीं. त्यानें खणणें थांबवून लागलीच वर्दी दिली, व त्याबद्दल साडेसतरा लक्ष पौंड बक्षीस ठरलें. (हातोडाही सांपडला, आणि तो आज ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहीं आहे.) प्रामाणिकपणा हा अंगचाच असावा हें खरें, तथापि गरीब कुणब्यास रुप्याच्या वजनाएवढेंच देऊं करून त्याच्यापासून इतिहासरक्षणाची अपेक्षा करणें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मोबदल्याचें कलम बदलावें असें आमचें स्पष्ट मत आहे.

तोंपर्यंत आमच्या विद्यार्थ्यांनीं काय करावें? किल्ल्यावर वा लेण्यांजवळ सहलीस जातांना यंत्र बरोबर नेऊं नये. संरक्षित स्थळीं परवानगीवांचून खणणें हा गुन्हा आहे. घरच्या शेतांत नांगरतांना, विहीर खणतांना, वा पाया घालतांना नाणीं दिसलीं, तर काम तेथेंच थांबवावें, किती हात खोल व कोणत्या झाडापासून किती पावलांवर तें लिहून ठेवावें, आणि वडिलांस घेऊन मामलेदार कचेरींत जावें. नाणीं चिंचेनें किंवा राखेनें घांसूं नयेत. हिरवट पुटाखालीं अक्षरें असतात, तीं पुटाबरोबर निघून जातात. मडक्याच्या खापऱ्या फेंकूं नयेत. नाणीं ज्या फडक्यांत बांधलीं असतील त्याचा एखादा कुजका धागा चिकटलेला दिसला, तर तोही तसाच असूं द्यावा.