घरची गाडी : डब्याची पाठ वाचा!

मैत्रिणींनो, शेंगदाण्याचं तेल कुठलं आणि करडईचं कुठलं, हे आपल्याला वासावरून कळतं. गाडीच्या इंजिन ऑइलला मात्र नाक उपयोगाचं नाही, तिथे डब्याची पाठच वाचावी लागते.

सांगलीच्या एका भगिनी विचारतात, "यजमान बाहेरगावी असतात. गाडी डिझेलची, बीएस-६ आहे. गॅरेजवाला म्हणतो, 'वहिनी, हे अमेरिकन मार्काचं सगळ्यात नवं ऑइल, बिनधास्त घाला.' घालू का?"

घाई नको. आधी हे समजून घ्या.

डब्यावरचं '५डब्ल्यू-३०' म्हणजे नुसता दाटपणा. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. ऑइलचे गुण सांगतात ती पुढची अक्षरं.

अमेरिकेची खूण 'एपीआय'. पेट्रोल इंजिनाच्या ऑइलला 'एस'पासून सुरू होणारी जोडी असते : २०१० साली एसएन, २०२० साली एसपी, २०२५ साली एसक्यू. नवं अक्षर जुन्याची जागा घेतं. म्हणजे पुस्तिकेत एसएन असलं, तर त्याच दाटपणाचं एसपी चालतं. तिकडे मोटारी बहुतेक पेट्रोलच्या, म्हणून इंधनाची बचत आणि छोट्या टर्बो इंजिनांचं रक्षण यांवर भर.

युरोपची खूण 'एसीईए', १९९६ पासूनची. तिकडे डिझेल मोटारी पुष्कळ, वेग जास्त आणि ऑइल बदलायचं तेही लांबच्या अंतराने. इथे अक्षरांची चढती भाजणी नाही बरं का! सी५ म्हणजे सुधारलेलं सी३ नव्हे. सी३चा थर तापल्यावरही जाड राहतो, सी५ पातळ आणि इंधन वाचवणारं. सी३ मागणाऱ्या इंजिनात सी५ घालू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसली. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. पण ऑइलमधल्या काही रसायनांची राख होते, ती जळत नाही. बंबातली राख आपण रोज काढतो, या गाळणीतली तशी निघत नाही. गाळणी तुंबली की गाडी ओढत नाही आणि खर्च ऐकून घेरी येते! म्हणूनच सी३ ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या वर चालत नाही.

तेव्हा सांगलीच्या ताई, तुमच्या पुस्तिकेत सी३ असेल तर डब्यावरही सी३च हवं. नुसतं 'एसपी' पेट्रोल इंजिनासाठी असतं. तुमच्या गाळणीची हमी ते देत नाही.

ऑइल बदलताना एवढं करा :

१. पुस्तिकेतली अक्षरं आणि दाटपणा कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवा.

२. पुष्कळ डब्यांवर दोन्ही खुणा असतात. आपल्याला लागणारी आहे ना, ते पाहा.

३. एसीईए स्वतः प्रमाणपत्र देत नाही, दावा ऑइल कंपनीचा असतो. म्हणून नावाजलेली कंपनी घ्या. पुस्तिकेत गाडीच्या कंपनीचा मंजुरी क्रमांक मागितला असेल, तर तोही जुळवा.

४. डबा आपल्यासमोर फोडायला सांगा आणि बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या.

गॅरेजवाल्याने 'सगळं एकच असतं हो वहिनी' म्हटलं, की हसून कागद पुढे करा. भांडायची गरज नाही.