उधळपट्टीवरील आळ

न्यूयॉर्कच्या व्हँडरबिल्ट घराण्याची कथा नीतिपाठास इतकी सोयीची झाली आहे की, तिची शहानिशा करण्याची गरज आता कोणास भासत नाही. पहिल्याने मिळविले, दुसऱ्याने दुप्पट केले, तिसऱ्या पिढीने नाचरंगात आणि संगमरवरात उडविले. आणि १९७३ साली घराण्याच्याच नावाच्या टेनेसीतील विद्यापीठात १२० वंशज एकत्र आले, तेव्हा त्यांत एकही दशलक्षाधीश नव्हता, असे सांगून ही कथा संपविण्याची रीत आहे. तिच्यातील पुष्कळसा तपशील खरा आहे; त्यावरून दिलेला निवाडा मात्र मला मान्य नाही.

पूर्वपक्षाचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडले पाहिजे. १८८३ च्या मार्चमध्ये विल्यम किसम व्हँडरबिल्ट याची पत्नी आल्वा हिने फिफ्थ ॲव्हेन्यूवरील नव्या प्रासादात वेषांतराच्या नृत्याचा समारंभ केला. त्यास हजारावर पाहुणे आले आणि खर्च अडीच लक्ष डॉलरांच्या घरात गेला असावा असा अंदाज आहे. जुन्या धनिकांच्या पंक्तीला या नव्या धनिकांचे पान मांडले जावे एवढ्यासाठी हा खटाटोप होता, आणि तो, बाईंच्या हुशारीची तारीफ केली पाहिजे, सफळही झाला. पुढे न्यूपोर्टच्या समुद्रकाठी तिच्यासाठी उभारलेल्या मार्बल हाऊसला १ कोटी १० लाख डॉलर लागले, पैकी ७० लाख नुसत्या संगमरवराचे. थोरल्या दिराने त्याच गावात सत्तर खोल्यांचे ब्रेकर्स बांधले, आणि ही दोन्ही घरे उन्हाळ्याच्या काही आठवड्यांपुरती! धाकटा दीर जॉर्ज याने तर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात अडीचशे खोल्यांचे बिल्टमोर उभे केले आणि भोवती सव्वा लाख एकर जमीन घेतली. एवढे पाहिल्यावर सामान्य माणसाने कपाळाला हात लावावा हे साहजिकच आहे.

पण कपाळाचा हात काढून तो जमाखर्चाच्या वहीवर ठेवला, तर चित्र पालटते. आल्वाचा सासरा विल्यम हेन्री १८८५ साली वारला तेव्हा त्याची मिळकत सुमारे २० कोटी डॉलर होती. त्या मानाने तो गाजलेला समारंभ म्हणजे संपत्तीचा आठशेवा हिस्सा. शेकडा पाच दराने धरले तरी २० कोटींचे वर्षाचे व्याजच १ कोटी होते, म्हणजे सगळे मार्बल हाऊस तेरा-चौदा महिन्यांच्या व्याजात उभे राहते. या घरांची पुढे माती झाली हे मी नाकारीत नाही : मार्बल हाऊस १९३२ साली लाखभर डॉलरांत गेले, आणि ब्रेकर्स १९४८ साली वर्षाला एक डॉलर भाड्याने एका संस्थेच्या स्वाधीन करावे लागले. तथापि व्याजाचा नाश आणि मुद्दलाचा नाश यांत भेद आहे, आणि मुद्दल कोठे गेले याचे उत्तर या दालनांत सापडत नाही.

त्याचे पहिले उत्तर मृत्युपत्रांत सापडते. घराण्याचा मूळपुरुष कॉर्नेलियस, ज्याला लोक ‘कमोडोर’ म्हणत, १८७७ साली सुमारे १० कोटी डॉलर मागे ठेवून गेला, आणि त्यातील जवळजवळ शेकडा ९५ भाग त्याने एकट्या विल्यम हेन्रीला दिला. मुलींना किरकोळ वाटे मिळाले, दुसऱ्या मुलाची एका तुटपुंज्या निधीवर बोळवण झाली. भावंडे कोर्टात गेली आणि अखेर तडजोड झाली. बाप म्हणून हा गृहस्थ अन्यायी होता, यात शंका नाही. पण संपत्ती अखंड राहिली ती त्या अन्यायामुळेच. विल्यम हेन्री अधिक न्यायी निघाला. त्याने आठही अपत्यांना एकेक कोटी देऊन उरलेला भाग मुख्यतः दोघा थोरल्या मुलांत वाटला, आणि एका पिढीत एका डोंगराच्या आठ टेकड्या झाल्या. पुढच्या पिढ्यांत त्यांचेही वाटे पडले, आणि १९१६ पासून मृताच्या मिळकतीवर संघ सरकारचा कर बसल्यावर प्रत्येक वाटणीत सरकारही एक वारस झाले. वाटणी ही उधळपट्टी नव्हे. लेकी-धाकट्यांना हिस्सा मिळाला याला अधःपात म्हणणे तर मला सरळ अन्यायाचे वाटते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. १८७९ साली विल्यम हेन्रीने जे. पी. मॉर्गन यांच्या मध्यस्थीने न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे अडीच लक्ष भाग विकले आणि पुढे पुष्कळ पैसा सरकारी कर्जरोख्यांत गुंतविला. त्या दिवसापासून हे कुटुंब वाहतुकीच्या धंद्यातून उठून वतनदारीच्या गादीवर बसू लागले. वतनदाराला सनद असते, तैनात असते, मानपान असतो. नसते ती नव्या उद्योगाची भूक. ध्यानात घ्यावे की, आल्वाचा समारंभ याच्या चार वर्षांनंतरचा आहे. नाचामुळे धंदा सुटला नाही. धंदा सुटू लागल्यावर नाचाला सवड मिळाली.

यावर कोणी म्हणेल की, रेल्वेला चिकटून तरी काय लाभ झाला असता? मोटारी आल्या, विमाने आली. न्यूयॉर्क सेंट्रलच्या १९६८ च्या विलीनीकरणातून जन्मलेली पेन सेंट्रल कंपनी १९७० साली दिवाळखोरीत गेली. आक्षेप वजनदार आहे. पण तो रेल्वेला लागू पडतो, धंद्याला नव्हे. कमोडोरने सोळाव्या वर्षी आईकडून शंभर डॉलर उसने घेऊन होडी चालविली, तीतून तो आगबोटींत आला, आणि ज्या वयात लोक मृत्युपत्राच्या विचारात असतात त्या वयात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, १८६३ साली हार्लेम रेल्वे ताब्यात घेऊन बोटींचा व्यवसाय त्याने मागे टाकला. त्याची निष्ठा वाहनावर नव्हती, वाहतुकीवर होती.

राहिला तो १९७३ चा मेळावा. तेथे जमलेले वंशज म्हणजे सगळा वंश नव्हे. शिवाय ही कथा सांगणारे आडनाव पाहून वंश मोजतात आणि लेकींच्या मुलांना वगळतात. बिल्टमोर त्या वर्षीही जॉर्जच्या मुलीच्या मुलांच्या, सेसिल बंधूंच्या, हाती होते. आणि ब्रेकर्स बांधणाऱ्याची मुलगी गर्ट्रूड हिचा मुलगा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट व्हिटनी, ज्याने १९२७ साली पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या उभारणीत भांडवल घातले होते, तो तेव्हा हयात होता आणि चांगलाच श्रीमंत होता.